पहिला दंड

आचारीच पंगतीला बसत नसेल तर पाहुण्यांनी काय समजायचं? आमच्या बँकेत हा प्रश्न दर आठवड्याला काउंटरवर येतो. मुदत ठेवीचा फॉर्म पुढे सरकवला की एखादे पेन्शनर आजोबा चष्म्यावरून बघत विचारतात, "तुम्ही स्वतःचे कुठे ठेवता हो?" प्रश्न रास्त आहे. पण ठेवीचं व्याज निदान छापलेलं तरी असतं.

१६ जानेवारी २०२१ ला करोनाची लस सुरू झाली आणि पहिला मान डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय, आशाताई यांना मिळाला. 'मान' हा मराठीतला मोठा घोटाळ्याचा शब्द आहे. लग्नात नारळ मानाचा असतो आणि जत्रेत बोकडही मानाचाच असतो. आपण नारळ की बोकड, हे रांगेत उभं राहून कळत नाही.

त्या दिवशी महाराष्ट्रात २८५ केंद्रं होती, प्रत्येकी शंभर माणसं. म्हणजे २८,५०० दंड अपेक्षित. (बँकेत दंड भरावा लागतो, इथे नुसता पुढे करायचा होता.) आले १८ हजारांच्या आसपास. बी.कॉम. झालेल्या माणसाला टक्केवारी काढल्याशिवाय झोप येत नाही : चौसष्ट. आमच्या वेळी याला फर्स्ट क्लास म्हणत, पण आमच्या सोसायटीत चर्चा अशी, जणू सगळे नापास. त्यात को-विनचाही हात होता. त्याने कित्येकांना निरोपच वेळेवर दिले नाहीत. कॉम्प्युटर 'डाऊन' असणं म्हणजे काय, हे मी लोकांना आयुष्यभर समजावत आलोय. तरी उरलेल्यांत भीती होतीच.

आमच्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. यजमान चाकणला कारखान्यात. वीस वर्षं त्यांनी अख्ख्या चिंचवडला सुया टोचल्या. "सिस्टरच घाबरतात म्हणे!" ही बातमी लिफ्टच्या आधी खाली पोचली. अहो, हे पेनिसिलिनचं गाव! हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत १९५४ ला आली, आणि कोविशिल्ड तर पलीकडे मांजरीत बनत होती. म्हणजे औषध घरचंच. आता घरच्या औषधाला कसलं घाबरायचं?

सिस्टर म्हणाल्या, "मला सुईची भीती नाही हो, घाईची आहे. बाटलीवरचं दोनदा वाचल्याशिवाय टोचायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं. मी दोनदा वाचतेय, एवढंच."

दोनदा वाचण्यासारखं होतंही. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारीला परवानगी मिळाली तेव्हा तिची तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालूच होती. घेणाऱ्याकडून संमतीपत्रावर सही घेत. सही म्हटलं की माझ्यासारखा माणूसही बारीक अक्षरं वाचायला लागतो.

आमचे सेक्रेटरी म्हणाले, "हाफकिनसाहेबांचं बघा!" हाफकिनने १० जानेवारी १८९७ ला मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, हे खरंच. पण ती लस त्याने स्वतः केली होती. आचाऱ्याने स्वतःची आमटी चाखणं वेगळं आणि वाढप्याला आधी पानावर बसवून बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत राहणं वेगळं.

उलट बाजूही आहे. नर्सचा दंड एकटीचा नसतो. तिला करोना झाला तर खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही व्हायचा. म्हणून तिने वाचावं, विचारावं आणि मग घ्यावी, असं मला वाटतं. पण तिने विचारूच नये, हे सांगणारे आपण कोण? २२ मार्च २०२० ला आपण तिच्यासाठी थाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिनोन् महिने ती मुलाला जवळ न घेता बाहेरच्या खोलीत झोपत होती. तेव्हा "भीती वाटते का?" असं विचारायला मजल्यावरचं एकही दार उघडलं नव्हतं. शूर माणसाला भित्रं म्हणायचा हक्क थाळी वाजवून मिळत असेल, तर थाळी फार स्वस्त पडली.

फेब्रुवारीत सिस्टरनी लस घेतली. नियमाप्रमाणे केंद्रावर त्यांना अर्धा तास बसवून नजर ठेवली. सोसायटीने आठवडाभर ठेवली. एक दिवस ताप आला, तेव्हा बेल वाजवून तिघांनी चौकशी केली ती "कोणती घेतलीत?" अशी.

मे महिन्यात तुटवडा झाला. सकाळी सहापासून रांगा. तेव्हा सेक्रेटरी त्यांच्या दारात उभे : "तुमच्या ओळखीने दोन डोस मिळतील का हो?" सिस्टरनी त्यांना रांग कुठून सुरू होते ते नीट समजावून सांगितलं.