इच्छा आधी की पाऊल आधी?

हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले आणि रोगी घरी आला, म्हणजे दुखणे संपले असे समजण्याचा आपल्या खेड्यांत प्रघात आहे. वस्तुतः त्या दिवशी दुखण्याचा डॉक्टरांच्या हातातील भाग बहुतांशी संपतो आणि रोग्याच्या हातातील भाग सुरू होतो. इस्पितळातून निघताना एक कागद मिळतो. घोटा वरखाली करावा. गुडघ्याखाली टॉवेलाची घडी ठेवून ती मांडीच्या जोराने दाबावी. टाच अंथरुणावरून सरकवीत गुडघा वाकवावा. वॉकर धरून इतकी पावले चालावे. आठ दिवस हा कागद उशाशी असतो. मग तो औषधांच्या पिशवीत जातो आणि पुढे त्याची आठवण तपासणीच्या आदल्या रात्री होते. घरची माणसे म्हणतात, "ह्यांना आळस फार." रोगी म्हणतो, "इच्छाच होत नाही, काय करू?" ह्या दोहोंपैकी एकही उत्तर आम्हांस पुरते खरे वाटत नाही.

आळसाचेच पाहा. श्रीपूरच्या आसपास गळिताच्या हंगामात जो मनुष्य पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन उसाच्या फडात उतरतो, त्याला आळशी कोण म्हणेल? तोच मनुष्य ट्रॉलीवरून पडून मांडीचे हाड मोडून घेतो, आणि मग दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा पाय उचलणे त्याला जड जाते. ह्याचे कारण उघड आहे. फडात मोळ्या मोजता येतात, गाडी भरलेली दिसते, हिशेबाला मजुरी मिळते. पाय उचलल्याचे फळ आज दिसत नाही. आज दिसते ती केवळ वेदना. शिवाय भय असते. आत घातलेली सळई वाकेल काय? टाके उसवतील काय? आणि ज्याविषयी कोणी बोलत नाही ती लाजही असते. काल जो घराचा आधार होता, त्याने आज वॉकर धरून लेकरासारखी पावले टाकावी आणि ओट्यावर बसलेल्यांनी पाहावे, हे सोसणे सोपे नाही. भय आणि लाज ह्यांना आळस असे नाव दिले की त्यांवरचा उपाय शोधण्याची वाटच बंद होते.

आपले हित खरोखर कळलेला मनुष्य त्याविरुद्ध वागत नाही, असे सॉक्रेटिसाचे मत होते. अॅरिस्टॉटलने त्यात उणे पाहिले. कळते, तरी वळत नाही, ही मनुष्याची स्थिती त्याने ओळखली, आणि चांगला गुण अंगी येतो तो तसे आचरण करीत गेल्याने, असे शिकविले. आमच्या मते अंथरुणावरच्या माणसाला लागू पडते ते हेच. 'इच्छा झाली म्हणजे व्यायाम करीन' असे जो म्हणतो, तो क्रम उलटा धरतो. पहिले पंधरा दिवस व्यायाम इच्छेवाचूनच करावयाचा असतो. काल गुडघा जेवढा वाकला त्याहून आज दोन बोटे अधिक वाकला, असे डोळ्यांनी दिसले, म्हणजे इच्छा मागाहून येते. म्हणून ते दिसण्याची सोय करावी. भिंतीवर कोळशाने रेघ ओढावी, वा कॅलेंडरावर पावलांचा आकडा मांडावा. वेळही मनाच्या लहरीवर सोडू नये. दूध घालून झाले की एकदा, दुपारच्या भाकरीपूर्वी एकदा, दिवेलागणीला एकदा, असे ते नित्याच्या कामाला बांधून टाकावे.

ह्या संबंधात मुरलीकांत पेटकर ह्यांचे उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. ते आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्याचे, लष्करातील जवान व मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या व शरीराच्या खालच्या भागातील बळ गेले. मुंबईच्या नौदल इस्पितळात उपचार चालू असता पोहणे त्यांना व्यायाम म्हणून सांगण्यात आले. पदक मिळवावे म्हणून ते प्रथम पाण्यात उतरले नव्हते. निकामी झालेल्या शरीराला हालचाल मिळावी एवढाच त्यात हेतू होता. 1968 साली तेल अवीव येथील अपंगांच्या जागतिक खेळांत ते टेबल टेनिस खेळले, आणि 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत 37.33 सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिम्पिक खेळांत भारताचे ते पहिलेच सुवर्णपदक होय. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परंतु ही गोष्ट रोग्याच्या पाठीवर आसूड म्हणून वापरू नये. "बघा, ते पोहले, आणि तुम्हाला पाय उचलवत नाही!" असे म्हणणारे भेटतात, आणि ते क्रूर आहे. पेटकरांची गोष्ट नीट वाचणाराला निराळेच दिसेल. व्यायामाने त्यांना पूर्वीचा मुष्टियोद्धा परत दिला नाही. पूर्वीचे शरीर गेले, आणि उरलेल्या शरीराला नवे काम मिळाले. 'पहिल्यासारखा होईन' ह्या एकाच आशेवर जो व्यायाम करतो, त्याला दोन महिन्यांनी ती आशा डळमळली की व्यायामही सुटतो. 'भिंत धरून एकट्याने परसाकडे जाईन' हे ध्येय लहान दिसते. पण ते गाठता येते, आणि ज्याला प्रत्येक वेळी दुसऱ्याचा खांदा मागावा लागतो त्याला ते लहान वाटत नाही.

वेलोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी 1940 नंतरच्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या बोटांवर शस्त्रक्रिया आरंभिल्या. चांगल्या स्नायूचा कंडरा काढून तो दुसऱ्या जागी जोडावयाचा, अशी ती रीत. पण जोडलेला स्नायू आपले जुने काम विसरून नवे काम आपोआप शिकत नाही. ते त्याला सरावाने शिकवावे लागते. शस्त्राने अर्धे काम होते. उरलेले अर्धे रोग्याला स्वतःच करावे लागते.

वेदनेविषयी विवेक पाहिजे. व्यायामाने स्नायू ओढल्यासारखा दुखतो आणि काही वेळाने शमतो. ती वेदना भिण्याजोगी नव्हे. परंतु पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, जखमेतून पू आला, ताप चढला, छातीत कळ आली वा दम लागला, तर धीर दाखविण्यात अर्थ नाही. तत्काळ डॉक्टरांकडे जावे. मोडलेल्या पायावर भार केव्हा व किती द्यावा, हेही शेजाऱ्यांनी ठरवू नये.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे. समाचाराला जाणारे खाटेभोवती बसतात आणि कोणाचा पाय कसा कापावा लागला ह्याच्या कथा सांगतात. उठताना म्हणतात, "आता नुसता आराम करा." सूनही प्रेमाने पाण्याचा तांब्या हातात आणून देते. ह्या मायेने गुडघा आखडतो. पहिल्या काही आठवड्यांत जो वाक मिळवावयाचा तो राहिला, तर पुढे चुलीपुढे बसणे कायमचे दुरावते. ह्याउलट हातावर पोट असलेल्या घरची बाई टाके निघताच धुण्याला लागते, आणि "घरकाम हाच व्यायाम" असे तिला सांगितले जाते. तो व्यायाम नव्हे. त्यात दुखरा पाय बाजूला ठेवून चांगला पायच राबतो. अशा घरी मंडळीतल्या कोणी सकाळचे पाणी भरून दिले, तर तिला अर्धा तास मिळेल. समाचाराला जाणाऱ्यांनी "दुखते का?" असे विचारण्याऐवजी "आज किती वेळा झाले?" असे विचारावे, आणि जमल्यास दारापर्यंत बरोबर चालावे.

दिवस चुकतात. लग्नकार्य येते, ताप येतो, नुसते मनही बसते. अशा वेळी चार दिवसांचे एका दिवशी भरून काढू नये; सांधा सुजतो, आणि मग आठ दिवस जातात. सोडले होते त्याच्या किंचित अलीकडून, दहाऐवजी सहा वेळा, पुन्हा आरंभ करावा.