पिढ्यांचे मतांतर आणि गरिबाचा न्याय

बापाने ज्या मताचा कैवार घ्यावा ते लेकाने टाकून द्यावे, आणि नातवाने तेच पुन्हा उचलून धरावे, असा प्रकार जगात वारंवार घडतो. तो घरात घडतो तसा राज्यातही घडतो. एका पिढीस शिस्त प्रिय, तर दुसरीस मोकळीक प्रिय. एकीस वाटते की सरकारने प्रजेला प्रत्येक अडचणीत हात द्यावा. तिच्या पुढचीस वाटते की सरकारने हात आवरावा, म्हणजे प्रजा आपल्या पायांवर उभी राहील. हे पाहून पुष्कळ विचारी माणसांच्या मनात एक शंका उत्पन्न होते. मते जर अशी रहाटगाडग्यासारखी खालीवर होत असतील, तर न्याय आणि अन्याय म्हणून खरोखर काही आहे काय? की ज्या काळी जे चालते तीच त्या काळची नीती?

ही शंका लहान नव्हे. ज्याला ती खरी वाटते त्याला अन्यायाविरुद्ध उभे राहण्याचे कारणच उरत नाही. थोडे थांबले की वारा आपोआप फिरेल, असे म्हणून तो स्वस्थ बसतो. म्हणून तिचा विचार एखाद्या खऱ्या उदाहरणावरून करणे बरे. उपाशी मनुष्यास साहाय्य कसे करावे, या एका प्रश्नावर इंग्लंड देशाने चारशेहून अधिक वर्षांत आपले मत पुनःपुन्हा बदलले आहे. आणि त्या मतांतराचा एक झोका आपल्या दख्खनच्या माळरानापर्यंत येऊन पोहोचला होता.

सन १५४७ मध्ये इंग्लंडात असा कायदा झाला की, जो धडधाकट मनुष्य काम न करता भटकत आढळेल त्याच्या अंगावर तापल्या लोखंडाचा डाग द्यावा व त्यास दोन वर्षे गुलाम करून ठेवावे. तो इतका क्रूर ठरला की थोड्याच वर्षांत रद्द करावा लागला. पुढे एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, सन १६०१ मध्ये, निराळी व्यवस्था ठरली. प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतील लोकांवर कर बसवावा. त्यातून लुळ्यापांगळ्यांना व वृद्धांना पोसावे, आणि अंगात बळ असेल त्याला काम लावून द्यावे. भूक हा गुन्हा नव्हे, हे त्या राज्याने येथे कबूल केले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सशी युद्ध चालू असता पाव फार महाग झाला. तेव्हा सन १७९५ मध्ये बर्कशायर परगण्यातील न्यायाधीश स्पीनहॅमलंड येथे जमले व त्यांनी असे ठरविले की, मजुराची मजुरी अपुरी पडेल तेथे पावाचा भाव व त्याच्या घरची खाणारी तोंडे पाहून उरलेली भरपाई गावच्या करातून करावी. हेतू दयेचा होता. परंतु काही वर्षांतच उलट ओरड सुरू झाली. शेतमालक मजुरी वाढवीत नाहीत, कारण तूट कर देणारे भरून काढतात. मजूर मन लावून काम करीत नाही, कारण काही झाले तरी पोट भरतेच. असे लोक बोलू लागले. सन १७९८ मध्ये थॉमस माल्थस या विद्वानाने, जो स्वतः धर्मोपदेशक होता, असे प्रतिपादन केले की अशा साहाय्याने अन्न वाढत नाही, खाणारी तोंडे मात्र वाढतात. आजोबांना जी दया वाटली होती ती नातवांना चूक वाटू लागली.

त्यातून सन १८३४ चा नवा कायदा निघाला. त्याचे मुख्य सूत्र असे होते की, साहाय्य घेणाऱ्याची स्थिती अगदी हलक्यात हलक्या मजुराच्या स्थितीहूनही वाईट असावी, म्हणजे गरज नसलेला कोणी तिकडे फिरकणार नाही. ज्याला अन्न पाहिजे त्याने अनाथगृहवजा श्रमगृहात जावे. तेथे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे आणि मुले तिसरीकडे ठेवीत. अँडोव्हर गावच्या श्रमगृहात खतासाठी हाडे कुटण्याचे काम देत असत. सन १८४५ मध्ये असे उघडकीस आले की तेथील माणसे भुकेने त्या हाडांना चिकटलेले कुजके मांस व आतील मगज खात होती. साऱ्या देशात हाहाकार झाला, पार्लमेंटात चौकशी झाली, आणि सन १८४७ मध्ये तो कारभार पाहणारे कमिशन मोडून त्याच्या जागी नवे मंडळ नेमावे लागले.

आता हा झोका आपल्याकडे कसा आला ते पाहू. सन १८७३-७४ मध्ये बिहारात दुष्काळ पडला, तेव्हा सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातून तांदूळ आणविला व सढळ हाताने मदत केली. भुकेने मेलेल्यांची संख्या अगदी अल्प राहिली. याबद्दल त्याची वाहवा व्हावी; परंतु पैसा उधळला म्हणून त्याला दोष लागला. पुढे सन १८७६ मध्ये दख्खनेत व मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. या वेळी तोच टेंपल साहेब सरकारचा प्रतिनिधी म्हणून आला, आणि त्याने दुष्काळी कामावरील पुरुष मजुरास दिवसाचे एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे एवढीच मजुरी ठरविली. एवढ्यावर दिवसभर माती वाहणारा मनुष्य जगणे कठीण, असे मद्रासेतील आरोग्य खात्याचे मुख्य डॉक्टर कॉर्निश यांनी बजावले. मुंबई इलाख्यात तर हजारो मजूर कामे टाकून निघून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली. एकाच मनुष्याचे वर्तन तीन वर्षांत असे का फिरले? त्याचे काळीज बदलले, असे मानण्याचे कारण नाही. प्रथम त्याने उपाशी माणसांकडे पाहिले, नंतर त्याने आपल्या काळच्या मताकडे पाहिले.

विलायतेत वारा पुन्हा फिरला. सन १९०१ मध्ये सीबोम राउंट्री यांनी यॉर्क शहरातील घरोघरची पाहणी प्रसिद्ध केली. तीवरून शेकडा सुमारे २८ माणसे दारिद्र्यात आहेत असे दिसले. आणि ज्यांना पोटापुरतेही मिळत नव्हते त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या दारिद्र्याचे कारण आळस किंवा व्यसन नसून, घरचा कर्ता नियमित कामावर असताही त्याची मजुरीच अपुरी, हे होते. सन १९०८ मध्ये वृद्धांस पेन्शन देण्याचा कायदा झाला. सन १९४२ मध्ये बेव्हरिज यांचा प्रसिद्ध अहवाल निघाला, आणि सन १९४८ मध्ये जुना गरिबांचा कायदा कायमचा रद्द झाला. पुढे एक पिढी उलटली. सन १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, तेव्हा सरकारी साहाय्याने माणूस परावलंबी होतो हे जुने म्हणणे नव्या जोमाने पुढे आले. आणि सन २०२० मध्ये कोरोनाची साथ येताच, त्याच पक्षाच्या सरकारने काम बंद पडलेल्या नोकरांच्या पगाराचा शेकडा ८० पर्यंत भाग आपल्या खजिन्यातून भरला.

असे का होते? माणसे चंचल आहेत एवढेच म्हणून भागत नाही. खरे कारण असे दिसते की, प्रत्येक पिढी आपल्याला बोचलेला काटा ओळखते. बापाने काढलेला काटा तिला ठाऊक नसतो. ज्यांनी श्रमगृहाची भिंत पाहिली त्यांना निर्दयपणाचे भय वाटले. त्यांनी ती भिंत पाडली. त्यांच्या मुलांनी भिंत पाहिलीच नाही. त्यांना दिसली ती कराची पावती आणि काम चुकवणारा एखादा शेजारी. बापाचा नियम वारशाने मिळाला, पण त्या नियमामागचे दुःख वारशाने मिळाले नाही. ज्या नियमाचे कारण विसरले जाते तो ओझे वाटू लागतो, आणि ओझे कोणीतरी एक दिवस खाली टाकतोच.

तर मग आरंभीच्या शंकेचे काय? न्याय हा केवळ काळाचा रिवाज आहे काय? मला वाटते, अँडोव्हरची हाडेच या शंकेचे उत्तर देतात. ती गोष्ट उघडकीस आली तो काळ कठोर मताचा होता. सन १८३४ चा कायदा करणारे व त्याची स्तुती करणारे लोक हयात होते. न्याय जर रिवाजाहून निराळा नसता, तर त्या रिवाजात वाढलेल्या लोकांना त्या हाडांची लाज वाटण्याचे कारण नव्हते. परंतु ती वाटली. मते काहीही असोत, माणसाने भुकेने हाडे चघळावीत हे वाईट, एवढे त्या पिढीलाही दिसले. मात्र ते दिसण्यासाठी कोणीतरी तेथे जाऊन पाहावे लागले. गवंडी ओळंबा सोडतो तेव्हा तो प्रथम इकडेतिकडे झोके घेतो. म्हणून सरळ रेषा म्हणून काही नाहीच, असे गवंडी म्हणत नाही, आणि ओळंबा झोक्यात असताना भिंतही उचलीत नाही.

आणि झोका जातो तो पुन्हा होता तेथेच येतो, असेही नाही. सन १८३४ च्या कठोर लोकांनी गरिबाच्या अंगावर डाग देण्याची सूचना केली नाही. सन १९७९ नंतरच्या लोकांनी श्रमगृहे पुन्हा उघडली नाहीत. आपल्याकडे त्या भयंकर दुष्काळानंतर सन १८८० मध्ये दुष्काळ कमिशनचा अहवाल झाला व त्यातून दुष्काळी कामांचे लेखी नियम निघाले. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात पुष्कळ वाहून जाते, तरी काही गाळ मागे राहतो, आणि पीक त्यावरच येते. तथापि तो गाळ फुकट साचत नाही. त्यासाठी कोणी कामे टाकून निघून गेले, कोणी वरिष्ठांचा रोष पत्करून अहवाल लिहिले, आणि पुष्कळांनी तर प्राण दिले. वारा फिरेल म्हणून स्वस्थ बसणाऱ्याचे त्यात काहीच नाही.

दोन्ही पक्षांत सत्याचा एकेक भाग आहे, हेही कबूल केले पाहिजे. आपल्या घामाचे खावे यात माणसाचा मान आहे. आणि भुकेल्याला आधी त्याची लायकी विचारू नये हाही धर्मच आहे. एक पिढी पहिले सत्य धरते व दुसरे सोडते. पुढची पिढी दुसरे धरते व पहिले सोडते. दोन्ही एकत्र धरता येतात काय? मोशेच्या नियमशास्त्रातील सरव्याची व्यवस्था आपणांस ठाऊक आहे. शेताच्या कडेचे पीक मालकाने कापू नये, पडलेली कणसे उचलू नयेत. ती गरिबाची व परदेशीयाची. रूथ शेतात गेली, दिवसभर वाकली, आणि संध्याकाळी आपले धान्य आपण झोडून घरी घेऊन आली. कष्ट तिचे होते, परंतु हक्कही तिचाच होता. मालकाच्या मेहेरबानीवर तो हक्क अवलंबून नव्हता.

आपल्या महाराष्ट्राने याच वाटेने एक मोठे पाऊल टाकले आहे. सन १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या, पाझर तलावांच्या व रस्त्यांच्या कामांवर, ऐन भरात, सुमारे ५० लक्ष माणसे होती. त्याच काळात वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने रोजगार हमीची योजना आकारास आली. तिचा कायदा सन १९७७ मध्ये झाला व सन १९७९ च्या जानेवारीपासून तो अमलात आला. खेड्यातील जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य ठरले, आणि त्यासाठी शहरातील पगारदार व व्यावसायिक लोकांवर कर बसला. पुढे सन २००५ मध्ये साऱ्या देशासाठी तशा स्वरूपाचा कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीत दोष झाले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु सन १८७७ च्या मजुराला जे मागता आले नाही ते सन १९७९ च्या मजुराला हक्काने मागता आले, हा फरक लहान नाही.

वाचकहो, हा विचार केवळ पार्लमेंटासाठी नाही. गावच्या पारावरही हाच वाद चालतो. वडील माणसे म्हणतात, फुकटच्या धान्याने हल्लीची पोरे बिघडली. पोरे म्हणतात, तुमच्या शिस्तीने आमचे बालपण करपले. वडिलांनी नुसता नियम सांगू नये, त्या नियमामागची हकीकत सांगावी. बहात्तर साली सुकडी कोणी खाल्ली, मिलोची भाकर कशी गिळवली, कोणाची बैलजोडी मातीमोल विकली गेली, हे सांगावे. कारण न सांगितलेले दुःख पुढच्या पिढीला पुन्हा भोगून शिकावे लागते. आणि तरुणांनी जुना नियम मोडण्यापूर्वी, ही पट्टी कोणत्या जखमेवर बांधली होती, हे विचारावे. जखम बरी झाली असेल तर पट्टी खुशाल सोडावी. बरी झाली नसेल तर पट्टी बदलावी, पण जखम उघडी टाकू नये.

आणि दोघांनीही एक प्रश्न नित्य जवळ ठेवावा. आजच्या मताच्या झोक्याखाली कोण सापडला आहे? प्रत्येक काळी कोणीतरी सापडलेला असतोच, आणि बहुधा सभेत त्याला बोलावलेले नसते. त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन त्याची चूल पेटली आहे की नाही हे जो पाहील, त्याला आपल्या पिढीच्या मताची चूक पुढच्या पिढीच्या आधी कळेल.