शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा?

ज्याला पदवीचा लाभ होतो त्यानेच तिचे मोल द्यावे, हा युक्तिवाद ऐकावयास न्याय्य वाटतो. सरकारी तिजोरीत साबणाची वडी विकत घेणाऱ्या मजुराचाही पैसा असतो. त्यातून डॉक्टर घडवावा आणि त्याने परदेशी निघून जावे, हे कोणास रुचेल?

तरीही मी सरकारी खर्चाच्याच बाजूचा आहे, कारण दुसरा मार्ग कर्जाचा. ज्याच्या घरी जमिनीचा तुकडाही नाही, तो कर्जाचा कागद पाहूनच माघारी फिरतो. धीर करून शिकलाच, तर हप्ते फेडण्यासाठी मोठ्या पगाराच्या मागे जातो. मग खेड्यातील दवाखाना ओस पडला म्हणून त्याला दोष कसा द्यावा?

राज्यघटनेच्या ४१व्या कलमाने शिक्षणाची तरतूद राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत ठेवली आहे. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षे वयानंतरचे शिक्षण ह्याच मर्यादेवर सोपविले. कुवत अपुरी असता पहिला वाटा कोणाचा, हा खरा नैतिक प्रश्न होय. माझ्या मते तो फिटर, वेल्डर घडविणाऱ्या आय.टी.आय.चा. आपल्या सुशिक्षित ख्रिस्ती घरांत मुलगा आय.टी.आय.ला गेल्याचे हळू आवाजात सांगतात. पौल राहुट्या करीत असे, हे मात्र उपासनेत मोठ्याने वाचतात!

आणि सरकारी खर्चाने वैद्यक शिकणाऱ्याकडून पैसा नव्हे, काही वर्षांची ग्रामीण सेवा घ्यावी. दंड भरून ती चुकविण्याची मुभा श्रीमंताला नसावी.