कापलेली साक्ष

मोबाइलवर चित्रफीत कापणे आता मुलांचा खेळ झाला आहे. गॅलरीत फीत उघडावी, एडिटवर बोट ठेवावे, दोन्ही टोकांच्या खुणा आत ओढाव्या, की सुरुवातीचे खाकरणे आणि शेवटची गडबड निघून जाते. मधला भाग काढायचा तर इनशॉट, व्हीएन, काइनमास्टर अशी अ‍ॅप्स आहेत. तेथे स्प्लिट करून नको तो तुकडा पुसला की उरलेली टोके जुळतात. आपल्या तरुण संघांतील मुले हे काम झपाट्याने करतात आणि घरी अंथरुणावर असलेल्यांपर्यंत उपासना पोहोचते, ही आनंदाची गोष्ट आहे. कापणे हे पाप नव्हे. पाऊण तासाचा संदेश दहा मिनिटांवर आणणाऱ्याचे (आम्हा उपदेशकांची सवय वाचकांना ठाऊक आहेच) कित्येकदा आभारच मानावेत.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो. प्रत्येक शब्द खरा असताना साक्ष खोटी होऊ शकते काय?

एका मंडळीतील गोष्ट आहे. गावाचे नाव सांगत नाही. एका वयस्क मावशींनी उपकारस्तुतीच्या सभेत सहा मिनिटे साक्ष दिली. मुलगा तापाने मरणाच्या दारी होता, मंडळीने प्रार्थना केली आणि तो उठला. पण त्याआधी काही वर्षे त्यांची मुलगी अशाच दुखण्यात गेली होती. तेव्हाही प्रार्थना झाल्या होत्या, हीच माणसे गुडघ्यांवर होती. "तिच्या वेळी का नाही, हे मला अजून कळलेले नाही; तरी मी देवाला सोडले नाही," असे त्या म्हणाल्या. तरुणांनी साक्षीची एक मिनिटाची फीत केली. त्यात मुलगा बरा झाला एवढेच राहिले. कापल्या जागी चेहरा एकदम उडी मारतो, म्हणून तेथे उपासना मंदिराचे छायाचित्र घालून खालून आवाज चालू ठेवला. सांधा कोणाला दिसला नाही. फीत गावोगाव गेली. मावशींनीही ती पाहिली आणि विचारले, "आणि माझी पोरगी?"

हेतू वाईट नव्हता. देवाचे गौरव व्हावे एवढेच मुलांच्या मनात होते. पण ज्या घरी आज आजारी लेकरू आहे, तेथे ही फीत पोहोचली म्हणजे काय होते? लेकरू बरे झाले नाही तर आईबाप म्हणतील, आमचाच विश्वास कमी पडला. पूर्ण साक्षीने त्यांना आधार दिला असता. कापलेली साक्ष त्यांच्यावर आरोप ठेवते. नवव्या आज्ञेत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. हा बाप आपला शेजारी नव्हे काय?

लूकच्या चौथ्या अध्यायात दोनदा असे कापणे आढळते. मंदिराच्या शिरोभागावर सैतान ९१ व्या स्तोत्राचा आधार घेतो. देवदूत रक्षण करतील हे तो सांगतो, पण माणसाच्या सर्व मार्गांविषयीचे शब्द गाळतो. वाटेने चालणाऱ्याला दिलेले अभिवचन वरून उडी टाकणाऱ्याला लावायचे, तर ते शब्द अडचणीचेच होते. पुढे नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशू यशयाचा ६१ वा अध्याय वाचतो, आणि दुसऱ्या वचनाच्या मध्येच, देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख येण्यापूर्वी थांबतो. म्हणजे त्यानेही वचन अर्ध्यावर सोडले! मग फरक कशात? प्रभूने ग्रंथपट गुंडाळून सर्वांदेखत सेवकाच्या हाती दिला. पट तेथेच होता, पुढचे शब्द त्यात जसेच्या तसे होते. शिवाय जे वाचले ते आज पूर्ण झाले आहे, असे त्याने लगेच उघड सांगितले. सैतानाने मात्र सांधा झाकला.

स्तोत्रसंहितेत ८८ वे स्तोत्र आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. संग्रह करणाऱ्यांना ते गाळता आले असते. त्यांनी ते ठेवले, म्हणून रात्री दोन वाजता इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या माणसाला पवित्र शास्त्रात आपलीही जागा सापडते. मावशींच्या साक्षीतले ८८ वे स्तोत्र तेवढे काढून टाकले गेले.

खाकरणे, पुनरुक्ती, रस्त्यावरचा भोंगा खुशाल कापावा. "पण" आणि "तरी" या शब्दांपाशी मात्र हात थांबावा. चेहरा उडी मारत असेल तर मारू द्यावी. येथे काही गाळले आहे हे पाहणाऱ्याला कळते. मूळ फीत पुसू नये. कापण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी. आणि पाठवण्याआधी बोलणाऱ्याला दाखवावे. मावशींचे घर तर दोन गल्ल्यांवर होते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. १४ व्या स्तोत्राचे पहिले वचन एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि फोनवर टिपा. मग हे कोण म्हणतो ते सांगणारे सुरुवातीचे शब्द व पुढचा सारा भाग मुलांकडूनच कापून घ्या. देव नाही, एवढेच उरेल. तेही दाविदाच्या स्तोत्रातून, आपल्याच वर्गातील मुलाच्या आवाजात. ही फीत शेजारच्या वर्गाला ऐकवावी की नाही, हे त्या मुलालाच ठरवू द्या.