अक्षय ऊर्जा आणि ‘पडीक’ जमीन

सूर्यप्रकाश आणि वारा यांपासून मिळणाऱ्या ऊर्जेला आपण ‘अक्षय’ म्हणतो. कोळशाच्या तुलनेत तिची निर्दोषता मान्य करावीच लागते. हवामानाच्या अरिष्टापुढे तिला टाळता येणार नाही, हेही खरे. परंतु उगम शुद्ध असला म्हणजे मार्गही न्याय्य ठरतो काय, हा प्रश्न त्यानंतरही उरतो. अक्षय आहे तो सूर्य. त्याचा प्रकाश झेलणारी जमीन मर्यादित असते आणि बहुधा तिच्यावर आधीच कोणीतरी जगत असते.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. १९२१ साली मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी झाले. टाटांच्या त्या योजनेतील वीज मुंबईसाठी होती. पाण्यापासून निघणाऱ्या त्या विजेला धूर नव्हता. तरीही तिच्यासाठी भातखाचरे बुडाली. वीज कशापासून निर्माण होते, हा सत्याग्रहींच्या दृष्टीने मुख्य प्रश्नच नव्हता. आमच्या संमतीवाचून आमची भूमी कशी घेता, हा होता.

त्यानंतर शंभर वर्षांत काहीच बदलले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्नाटकातील पावगडा या दुष्काळी तालुक्यात सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॉट क्षमतेचे सौर उद्यान उभे राहिले, तेव्हा जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घेण्यात आली. शेतकऱ्याची मालकी अबाधित राहिली. ही नैतिक प्रगतीच होय. तथापि भाडे मिळते ते जमीनमालकाला. त्याच शेतावर मजुरी करणाऱ्या भूमिहीनाला या करारात स्थान नाही.

आणि जेथे मालकीचा कागदच नाही, तेथे? जैसलमेरच्या परिसरात ‘ओरण’ नावाची, देवतेच्या नावाने राखलेली सामायिक राने आहेत. आपल्या देवरायांशी त्यांचे नाते सहज ओळखू येते. तेथील झाड तोडायचे नाही, असा संकेत. गुरे मात्र चरतात. सरकारी दप्तरात यांतील कित्येक ओरणांची नोंद ‘पडीक’ अशी असल्याने ती ऊर्जाप्रकल्पांना देण्याचा मार्ग सुकर झाला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा रानांची पाहणी करून नोंद करण्याचे निर्देश राजस्थानला दिले.

‘पडीक’ हा शब्द येथे वर्णन करीत नाही, निवाडा करतो. ज्या उपयोगातून महसूल निघत नाही, तो उपयोगच नव्हे, असे तो ठरवून टाकतो.

कोळशाच्या खाणींनीही गावे उठवली आहेत. म्हणून सौरऊर्जेला विरोध हे याचे उत्तर नव्हे. भारताने २०३० पर्यंत ५०० गिगावॉट अजीवाश्म वीजक्षमतेचे उद्दिष्ट ठेवले आहे. छपरांवरील सौरपट्ट्यांना नवी जमीन लागत नाही, परंतु तेवढ्याने ते पुरे होणार नाही, जमीन लागेलच. ती मागताना मालकाबरोबर मजुराला आणि गुराख्यालाही विचारणे, मिळकतीत त्यांचा वाटा मानणे आणि क्वचित त्यांचा नकार ऐकून जागा बदलणे, एवढे पथ्य पाळले नाही, तर मुळशीचा प्रश्न अनुत्तरितच राहील.