खरा विसावा कोठे?

प्रवचन करण्याचा माझा अधिकार नाही. वयाने आणि ज्ञानाने मी लहान आहे. परंतु पुजाऱ्याचा मुलगा म्हणून देवळाच्या आवारात वाढलो, आणि तेथेच एक गोष्ट उशिरा शिकलो. ती आपल्या चरणी ठेवतो.

जत्रेच्या दिवसांत आपल्या अग्रशाळेत परगावची कुटुंबे उतरतात. एका वर्षी असेच उतरलेले एक वृद्ध गृहस्थ कीर्तनास येऊन बसले होते. बुवांचा पूर्वरंग संपण्यापूर्वीच ते तीनदा उठले आणि खोलीचे कुलूप ओढून पाहून आले. कीर्तनानंतर मी विचारले, "आजोबा, खोलीत काही मोलाचे आहे काय?" ते हसून म्हणाले, "काही नाही रे बाळा, दोन धोतरे आणि एक पंचा. पण कुलूप पाहिल्यावाचून जिवाला स्वस्थता नाही." त्या वेळी मला हसू आले. आज येत नाही. माझ्याही मनाला तसलेच एक कुलूप होते, हे मला पुढे कळले.

आपण सर्वच कशाला तरी टेकून जगत असतो. कोणी बँकेतील ठेवीला टेकतो, कोणी वडिलोपार्जित कुळागराला, कोणी परदेशी गेलेल्या मुलाच्या मिळकतीला, तर कोणी समाजातील नावलौकिकाला. या गोष्टी वाईट नव्हेत. संसारी माणसाने चार पैसे गाठीस ठेवावेत, आजारपणात औषध घ्यावे, रात्री दाराला कडी लावावी. दोष त्या वस्तूंचा नाही. आपण त्यांच्याकडे जे मागतो त्याचा आहे. ठेव प्रसंगाला पैसा देईल. पण "तुला कधीच काही होणार नाही" हे वचन ती कोठून देणार? आणि आपण तर तिच्याकडे नेमके तेच मागत असतो. म्हणून ठेव वाढते, आणि तिच्याबरोबर काळजीही वाढते.

श्रीतुकोबारायांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. घरात पिढीजात व्यापार होता, सावकारी होती, गावात मान होता. १६३० च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळाने तो डोलारा कोसळला. व्यापार बुडाला; पत्नी आणि मुलगा डोळ्यांदेखत गेले. पुढे त्यांनी लोकांकडील येण्याची खते इंद्रायणीत सोडली, अशी परंपरा सांगते. परंतु त्याच परंपरेने एक गोष्ट आवर्जून जपली आहे, ती अशी की धाकट्या भावाच्या वाट्याची खते त्यांनी त्याची त्याला देऊन टाकली होती. बुडविली ती केवळ स्वतःच्या वाट्याची. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेले ते वैराग्य नव्हते. ज्या कागदांनी दुष्काळात कोणालाही वाचविले नाही, त्या कागदांवर डोके ठेवून झोपायचे नाही, एवढाच तो निश्चय होता.

येथवर आपण सारे मान डोलवू. परंतु याहून सूक्ष्म अशी एक फसवणूक आहे. ती देवाच्या नावाने होते, आणि देवळाजवळ राहणाऱ्यांची ती अधिक होते. माझी झाली, म्हणून सांगतो.

शालान्त परीक्षा झाल्यावर काही वर्षांनी मी एका सरकारी नोकरीसाठी अर्ज केला. निकालापूर्वी बाबांना म्हटले, "देवापुढे प्रसाद लावा." उजवी पाकळी पडली की होकार, डावी पडली की नकार, असे आपण मानतो. बाबांनी गाऱ्हाणे घालून प्रसाद लावला. डावी पाकळी पडली. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते गावात गेले असता मी स्वतः प्रसाद लावला. पुन्हा डावी. मग तिसऱ्यांदा लावला. उजवी पडली. मी आनंदाने आईला सांगितले की देवाचा कौल मिळाला. नोकरी मात्र मिळाली नाही.

मला देवाचा राग आला. लहानपणापासून फुले काढली, समया उजळल्या, एकादशा केल्या, त्याचे हेच फळ काय? शेवटी सारी हकीगत बाबांना सांगितली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तू देवाला विचारायला गेला नव्हतास, सही घ्यायला गेला होतास."

ते शब्द मला फार लागले. देवाच्या दारात राहतो म्हणून मी देवाच्या जवळ आहे, हेच माझे कुलूप होते, आणि तेच मी रोज ओढून पाहत होतो. आपणही अंतःकरणाशी विचारावे. वार्षिक अभिषेकाची पावती घेताना, पालखीचा मान सांभाळताना, आपण देवाकडे जातो की विम्याचा हप्ता भरतो?

त्याच पावसाळ्यात बाबा तापाने अंथरुणाला खिळले आणि पूजा माझ्याकडे आली. हात पूजा करीत, मन करीत नसे. एके संध्याकाळी धो धो पाऊस पडत होता. आरतीला कोणीही आले नाही. आरती आटोपून मी गर्भगृहाच्या उंबरठ्यापाशी बसून राहिलो. मागण्यासारखे काही उरले नव्हते. फक्त म्हणालो, "देवा, मला काही कळत नाही. मी थकलो आहे." उत्तर आले नाही, पाकळी पडली नाही. पण कितीतरी दिवसांनी त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली. परिस्थिती तीच होती. तिचे ओझे एकट्याने वाहण्याचा माझा हट्ट सुटला होता.

आपल्या गोमंतकाचा इतिहास याहून मोठी साक्ष देतो. १५६० मध्ये श्रीमंगेशाचे लिंग पोर्तुगीज अमलातील कुशस्थळीहून हलवून जुवारी नदीपलीकडे, अंत्रुज महालातील प्रियोळास नेण्यात आले. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, श्रीम्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. जुनी देवळे पाडली गेली. गाव सोडणाऱ्यांची घरेदारे, शेतेभाते मागे राहिली. उद्याची हमी त्यांच्यापाशी कोणती होती? कवळ्याची आजची भव्य वास्तू तर अठराव्या शतकातील. तिच्या आधी कित्येक पिढ्यांनी साध्या जागी दिवा लावला आणि तेथेच त्यांना आधार मिळाला. आणि ज्या सत्तेला आपण अढळ आहोत असे वाटत होते, ती १९ डिसेंबर १९६१ रोजी संपली. अढळ दिसणारे गेले. निराधार दिसणाऱ्यांनी लावलेला दिवा आजही तेवत आहे.

विसावा म्हणजे आळस नव्हे. गीतेच्या अखेरीस भगवंतांनी अर्जुनाला शरण येण्यास सांगितले, तेव्हा तो रथातून उतरून घरी गेला नाही. संशय टाकून त्याने धनुष्य उचलले. तसेच आपलेही कर्तव्य सुटत नाही. मला आजही कायमची नोकरी नाही. मी अर्ज करतो, मिळेल ते काम करतो आणि घरास हातभार लावतो. चिंता मधूनच परत येते. ती आली की तिला त्या उंबरठ्यापाशी नेऊन ठेवावी, हे मात्र आता ठाऊक झाले आहे.

माझी एकच विनंती आहे. येत्या सोमवारी आरती झाल्यावर लगेच चपला शोधू नयेत. घटकाभर चौकात बसावे. त्या घटकेत काहीही मागू नये; नवस बोलू नये, कौल विचारू नये. जे ओझे घेऊन आलो तेच देवापुढे उघडे करावे आणि शांत राहावे. घरच्या कुलपाची आठवण होईल. होऊ द्यावी. कुलूप घराचे रक्षण करील; जिवाला विसावा देणारा समोर बसला आहे.

श्रींच्या कृपेने तो विसावा आपणा सर्वांस लाभो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥