सवय असते त्यांना

रात्री दहाला चर्चचा व्हरांडा धुणाऱ्यांबद्दल या आठवड्यात सगळ्यांचं बोलून, भांडून, फॉरवर्ड करून झालं आहे. फरशी ओली करून ठेवली की तिच्यावर कुणी बेघर आडवा पडत नाही, ही युक्ती दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आपण चर्चवाल्यांनी ती नाताळच्या तोंडावर वापरली, तीही आत गव्हाणीचा देखावा मांडून, म्हणून जरा जास्त बोभाटा झाला. (देखाव्यात गोठ्याच्या छपरावर यंदाही कापसाचा बर्फ आहे. पुण्यात बसून बेथलेहेमात बर्फ पाडायचं हे खूळ कधी जाणार देव जाणे. तेवढ्या कापसात एक उशी तरी भरून झाली असती.)

सुरक्षेचं कारण सांगितलं गेलं, स्वच्छतेचं सांगितलं गेलं, शेजारच्या सोसायटीची तक्रार आहे म्हणे. असेल. माझा जीव अडकला आहे तो उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी कानावर आलेल्या एका वाक्यात. ‘अहो, त्यांना सवय असते.’

बोलणाऱ्या गृहस्थांच्या डोक्यावर माकडटोपी होती, गळ्याला मफलर, आणि चहाचा कप त्यांनी दोन्ही तळव्यांत धरून हनुवटीला टेकवला होता. पारा बाराच्या खाली गेलेला नव्हता. जन्मापासून याच शहरात हिवाळे काढलेल्या माणसाला अजून थंडीची सवय लागली नाही, आणि परवाच्या पॅसेंजरने स्टेशनात उतरलेल्या, फलाटावरून हाकललेल्या मजुराला ती लागली, हे यांना कुठून कळलं? सवय नेमकी कितव्या रात्री लागते? पहिल्या रात्री तो कुडकुडतो हे तरी मान्य आहे का? मग त्या रात्रीपुरता व्हरांडा कोरडा ठेवायला हरकत काय होती?

आणि ही सवय एकट्या थंडीची नाही. त्यांना डासांची सवय असते, उपाशीपोटी झोपायची असते, लाथेची असते. गरिबाचं कातडं वेगळ्या कारखान्यातून येतं असा आपला पक्का समज आहे. याच गृहस्थांच्या घरी लॅब्रॅडॉर आहे. त्याचे पूर्वज कॅनडाच्या गोठलेल्या किनाऱ्यावर पाण्यात उड्या मारून मासेमाऱ्यांची जाळी ओढायचे. त्याला नोव्हेंबरपासून स्वेटर आहे. लाल, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्याला सवय असते असं म्हणायची मात्र घरात कुणाची छाती नाही.

सवयीचा एवढा अभ्यास असणाऱ्यांनी पंडिता रमाबाईंनी 1907 साली लिहिलेली आपली साक्ष एकदा उघडावी. लहानपणापासून तीर्थयात्रेत पायी भटकलेली ही मुलगी. दुष्काळात 1874 साली आईवडील गेले आणि ती भावाबरोबर अनवाणी चालत राहिली. रात्र झाडाखाली काढायची, नाहीतर पुलाच्या कमानीखाली. पंजाबात झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा या दोघांनी थडग्यासारखे दोन खड्डे खणले, आत शिरले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर नदीकाठची कोरडी वाळू ओढून घेतली. सवय लागायचीच असती तर तिला लागली असती. तीसेक वर्षांनी, केडगावला मुक्ती मिशनचा एवढा मोठा व्याप उभा केल्यावरही, ती थंडी तिला लिहावीशी वाटली. आणि 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या बायकामुलींना घेऊन येताना, यांना उपासमारीची सवय आहे का, असं तिने विचारल्याचं कुठे नोंदलेलं नाही.

उघड्यावाघड्या, उपाशी माणसाला नुसतं ‘ऊब घे, पोटभर खा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याची याकोबाने आपल्या पत्रात चांगली खरडपट्टी काढली आहे. आमचे गृहस्थ त्याच्याही पुढे गेले. त्यांनी ते दोन शब्दही वाचवले.

आता ब्लँकेटवाटप होईल. एका ब्लँकेटला आठ हात लागलेला तो फोटो येईल. मी दरवर्षी यावर चिडतो, यंदाही चिडेन. मत्तयाच्या 25व्या अध्यायात नीतिमानांना आपण कधी, कुणाला वस्त्र दिलं तेच आठवत नाही. फोटो काढला नसावा.

शहरी बेघरांसाठी लाख वस्तीमागे एक निवारा आणि तिथे माणशी 50 चौरस फूट जागा, असं सरकारच्या कागदावर आहे. आपल्या चर्चचा हॉल दोन हजार फुटांचा असेल तर त्यात चाळीस माणसं झोपतील. वर्षभर उघडा ठेवा असं मी म्हणत नाही. म्हटलं तरी कमिटी थोडीच ऐकणार आहे. पण डिसेंबर-जानेवारीत, बुकिंग नसलेल्या रात्री? मी विचारलं. हॉल घाण होईल, असं उत्तर आलं. लग्नाचं वऱ्हाड गेल्यावर तो कसा दिसतो, हे कमिटीने एकदा डिपॉझिट परत करण्याआधी बघून यावं.